काम उत्तम, तरी बढती अडली: सुपरवायझरकडून ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणून नेमके काय अपेक्षित असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात तुम्ही डिप्लोमा झाल्यापासून सोळा वर्षे काम करीत आहात. मशीन शॉपमध्ये काहीही अडले की लोक तुमच्याकडे येतात. तरीही शिफ्ट इनचार्जची जागा तुमच्याहून कनिष्ठ सहकाऱ्याला मिळाली आणि तुमच्या वार्षिक मूल्यमापनात ‘तांत्रिक ज्ञान उत्कृष्ट, सॉफ्ट स्किल्समध्ये सुधारणा आवश्यक’ एवढे एकच वाक्य आले. तुम्ही विचारता की, हे लोणी लावण्याचेच सभ्य नाव आहे का. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या प्रकरणामागे काही शास्त्र आहे की ती प्रशिक्षण देणाऱ्यांची दुकानदारी आहे. आणि चाळिशीकडे झुकलेल्या, स्वभावाने फटकळ आणि इंग्रजीत अडखळणाऱ्या माणसाला हे आता शिकता येईल का.

बडोद्याच्या परिसरातील रसायनांच्या आणि अभियांत्रिकीच्या कारखान्यांत मनुष्यबळ व प्रशिक्षण विभागांत माझी सारी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही पर्यवेक्षकांचे वर्ग मी घेतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. हे लोणी लावणे नव्हे. त्यामागे शास्त्र आहे, पण बाजारात विकले जाते तेवढे नाही. आणि ते या वयात निश्चित शिकता येते, कारण त्यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही. चार-पाच ठरावीक प्रसंगांतले वागणे बदलावे लागते.

मात्र तुमच्या मूल्यमापनातील ते वाक्य, जसे लिहिले आहे तसे, कुचकामी आहे. ‘सुधारणा आवश्यक’ असे म्हणणाऱ्याला नेमके काय खुपते आहे, हे त्यातून कळत नाही. तुम्ही ऑपरेटरवर सर्वांदेखत ओरडता, हा त्याचा अर्थ असू शकतो. अडचण वर कळवण्याऐवजी स्वतःच निस्तरत बसता, किंवा बैठकीत दुसऱ्या विभागाच्या माणसाची चूक चारचौघांत उघडी पाडता, हाही असू शकतो. ग्राहकाकडून ऑडिटला आलेल्या माणसाशी तुम्ही धड बोलत नाही, असेही कुणाला वाटले असेल. या चार तक्रारींवरचे उपाय एकमेकांपासून पार वेगळे आहेत. म्हणून वरिष्ठांना वेळ मागून शांतपणे विचारा की, गेल्या वर्षातला असा कोणता प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर आहे, त्यात मी काय केले आणि त्याऐवजी काय करायला हवे होते. हा प्रश्न विचारताना बढतीचा विषय काढू नका, नाहीतर उत्तर देणारा लगेच सावध होतो आणि गुळमुळीत बोलू लागतो. एकही प्रसंग त्यांना सांगता आला नाही, तर तो शेरा तुमच्याबद्दल फारसे काही सांगत नाही असे समजा. मग जागा न मिळण्याचे कारण दुसरे काही आहे, आणि ते शोधण्याचा मार्गही निराळा आहे.

आता शास्त्राकडे वळतो, कारण तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना शास्त्रीय लेखातून मांडली. पुढे त्यांनीच तिची चार क्षमतांमध्ये विभागणी केली: स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्या कशातून येतात आणि कुठे जातात हे समजणे, आणि त्यांना योग्य वळण देणे. या व्याख्येत गोड बोलणे कुठेही नाही. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पोहोचली, आणि तिच्याबरोबर अतिशयोक्तीही पसरली. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर तुम्ही वाचले असेल की, यशातला ८५ टक्के वाटा सॉफ्ट स्किल्सचा असतो, आणि त्याखाली बहुधा हार्वर्डचे नाव असते. या आकड्याचा माग काढत गेले तर वाट १९१८ सालच्या एका अहवालाशी पोहोचते. तो चार्ल्स मॅन यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणावर लिहिला होता. अभियंत्याच्या यशाला कोणते गुण किती महत्त्वाचे, याचा क्रम त्यांनी अभियंत्यांनाच लावायला सांगितला, आणि त्यांनी चारित्र्य व निर्णयशक्ती यांना तांत्रिक ज्ञानाच्या वर ठेवले. म्हणजे ते मत होते. कुणाच्या यशाची मोजदाद तेव्हा कुणी केली नव्हती. असा आकडा दाखवणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याचे बाकीचे बोलणेही जरा तपासून घ्यावे, असे मी सांगेन.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले संशोधन मात्र वेगळे आहे. डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा असे दिसले की, ज्या कामात स्वतःच्या आणि इतरांच्या भावना सतत सांभाळाव्या लागतात, तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी स्पष्ट संबंध आढळतो. ज्या कामात ती गरज कमी, तिथे तो फारसा दिसत नाही. याचा अर्थ तुमच्या बाबतीत असा होतो की, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) प्रोग्रॅम लावणाऱ्या किंवा बिघाड शोधणाऱ्या कुशल माणसाला फटकळपणा परवडतो, कारण त्याचे गिऱ्हाईक यंत्र असते. शिफ्ट इनचार्जला तो परवडत नाही. त्याचे निम्मे काम इतरांनी त्याला वेळेवर काय सांगितले, यावर चालते. सोळा वर्षे ज्या गुणांवर तुमचे नाव झाले, ते गुण खरेच आहेत. पण वरच्या जागेवरचे कामच निराळे आहे, आणि कारखान्यांत हे बढतीच्या आधी कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते एकच आहे, आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते, हा तो भाग.

विमान वाहतुकीच्या क्षेत्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोईंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. केएलएम कंपनीच्या विमानाचा कप्तान अत्यंत अनुभवी होता. इतर वैमानिकांना शिकवणारा, कंपनीत मान असलेला. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान धावपट्टीवर सोडले. समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला आली आणि त्याने ती विचारलीही. कप्तानाने ठासून उत्तर दिले आणि पुढे कुणी बोलले नाही. या आणि अशा इतर अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी तसे प्रशिक्षण सुरू केले, आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्यात कनिष्ठाने शंका स्पष्टपणे कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचा सराव करून घेतात. विमान चालवण्याचे कौशल्य त्या कॉकपिटमध्ये भरपूर होते, एवढे लक्षात घ्या.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या विभागांत चुका कमी असतील, अशी तिची अपेक्षा होती. नोंदी पाहिल्या तर उलटे निघाले. जिथे वातावरण चांगले होते, तिथेच जास्त चुका नोंदलेल्या होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका होत नव्हत्या असे नाही. तिथले लोक त्या दडवत होते, असा निष्कर्ष पुढे आला. १९९९ मध्ये तिने एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जिथे माणसांना प्रश्न विचारण्याची, चूक कबूल करण्याची भीती वाटत नाही, तिथे गट अधिक शिकतात आणि त्यांचे काम अधिक चांगले होते, असे दिसले.

आता हे आपल्या शॉप फ्लोअरवर आणून पाहा. रात्रपाळीत एका ऑपरेटरच्या लक्षात येते की, इन्सर्ट (कापणारे पाते) झिजल्यामुळे बोअर, म्हणजे आतले भोक, मापाबाहेर गेले आहे. त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. तो मशीन थांबवून तुम्हाला सांगू शकतो, किंवा इन्सर्ट बदलून, ऑफसेट देऊन (मशीनचे माप सावरून), बिघडलेले चार जॉब, म्हणजे नग, चांगल्या जॉबच्या ढिगात सरकवून गप्प बसू शकतो. तो कोणता रस्ता घेईल, हे मागच्या वेळी कुणीतरी चूक सांगायला आला तेव्हा तुम्ही पहिल्या दहा सेकंदांत काय केले, यावर ठरते. ते त्याने स्वतः पाहिले असायला हवे असेही नाही. चहाच्या टपरीवर ते त्याला कळलेले असते. तुम्ही तेव्हा ‘डोळे फुटले होते का’ असे म्हणाला असाल, तर हे चार जॉब हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, फुटतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे ग्राहकाकडे जाऊन फुटतील. मग डिस्पॅच अडेल, आणि सगळ्यांची माफी मागत तुम्हीच फिराल. ओरडण्याचा हा खर्च कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिला जात नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

त्या दहा सेकंदांसाठी वाक्ये आधी ठरवून ठेवा. शॉपवर तुम्ही गुजराती बोलत असणार, म्हणून गुजरातीतच देतो: ‘क्यारे खबर पडी? केटला पीस थई गया? मशीन बंध छे ने?’ (केव्हा कळले? किती नग झाले? मशीन बंद आहे ना?) हे तीन प्रश्न कामाचे आहेत, त्यांत माणसाबद्दल काही नाही, आणि त्यांची उत्तरे मिळवताना तुमचा स्वतःचा पहिला भडका ओसरतो. त्यानंतर ‘कीधुं ते सारुं कर्युं’ (सांगितलेस ते बरे केलेस) एवढे म्हणा. यात चुकीची शाबासकी नाही, सांगितल्याची आहे, आणि ऑपरेटरला हा फरक नीट समजतो. चूक का झाली, पुन्हा का झाली, याची चौकशी मग होऊ द्या, आणि ती कडकच होऊ द्या. वारंवार तोच निष्काळजीपणा करणाऱ्याला नोटीस देण्यात भावनिक बुद्धिमत्ता आड येत नाही. ‘सॉफ्ट’ या नावामुळे पुष्कळ पर्यवेक्षकांचा असा समज होतो की, आता कुणाला काही बोलायचेच नाही; असा पर्यवेक्षक फटकळ माणसापेक्षाही जास्त नुकसान करतो, कारण त्याच्या हाताखालच्या चांगल्या कामगारांना आपण मूर्ख ठरत आहोत असे वाटू लागते.

बोलायचे कसे, यावरही आधार देण्यासारखे संशोधन आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरीने काम सुधारते, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडले होते. त्यांचे स्पष्टीकरण असे की, अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे गेले की, त्याचा उपयोग कमी होतो. ‘तू निष्काळजी आहेस’ असे म्हटले की, समोरचा माणूस बोअर विसरतो आणि स्वतःचा बचाव शोधू लागतो. ‘दर वीस जॉबनंतर माप घ्यायचे ठरले होते, शीटवर नऊ वाजल्यानंतर नोंद नाही’ असे म्हटले, तर बोलणे कामावर राहते. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अजिबात मवाळ नाही. त्यातून सुटणे उलट जास्त कठीण आहे.

रागाबद्दल तुम्ही स्वतंत्र विचारलेले नाही, पण तुम्ही स्वतःला फटकळ म्हणता, त्यावरून तो प्रश्न आहे हे उघड आहे. राग गिळा, असा सल्ला मी देणार नाही. जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले की, भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबून धरली तर शरीरावरचा ताण कमी होत नाही, आणि त्या वेळी समोर जे घडत असते त्याचा तपशील लक्षात राहण्यावरही परिणाम होतो. म्हणजे दात आवळून ऐकणारा पर्यवेक्षक धड ऐकतही नसतो. त्यापेक्षा राग चढण्याआधी प्रसंगाचा अर्थ दुसऱ्या तऱ्हेने लावून पाहणे अधिक उपयोगी ठरते. ‘याने मुद्दाम माझी शिफ्ट घालवली’ या अर्थाने जो राग येतो, तो ‘याला हे माप कुणी नीट शिकवलेले दिसत नाही’ या अर्थाने येत नाही. आणि बहुतेक वेळा दुसरा अर्थच खरा निघतो. एक साधी व्यावहारिक गोष्टही करा. मशीन शॉपमध्ये आवाज इतका असतो की सगळ्यांना ओरडूनच बोलावे लागते, आणि वर्षानुवर्षांनी तोच स्वर अंगात भिनतो; ऐकणाऱ्याला मात्र तो अपमान वाटतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुसऱ्या पाळीचा शेवटचा तास चालू असेल, तर दोघांच्याही डोक्यांचा पारा वर असतोच. म्हणून माणसाबद्दल बोलायचे असेल तेव्हा त्याला मशीनपासून दूर, केबिनमध्ये किंवा निदान पाण्याच्या कूलरपाशी न्या.

आणि सतत हसतमुख राहण्याचा ध्यास घेऊ नका. विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच दाखवले होते की, मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे ठेवणे हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला झिजवतात. कामगारांना खोटे हसू लगेच ओळखता येते. तुमचा कोरडा, मोजका स्वभाव तसाच राहू द्या. त्यात अन्याय आणि अपमान नसला म्हणजे पुरे.

बडोद्याच्या मराठी माणसाची एक खास अडचण इथे सांगायला हवी, कारण ती पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकाच्या ध्यानात येत नाही. आपण घरी आणि दांडिया बाजारात मराठी बोलतो, शॉपवर गुजराती, उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कंत्राटी कामगारांशी हिंदी, आणि मेलवर इंग्रजी. प्रत्येक भाषेतली अदब वेगळी असते. इथल्या कार्यालयांत मालकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लागते. आपल्या घरचा रोखठोकपणा, जो रावपुऱ्यातल्या कट्ट्यावर कुणाला खटकत नाही, तोच गुजरातीत उतरवला की अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. पन्नाशीच्या ऑपरेटरला तुम्ही नुसत्या नावाने हाक मारीत असाल, तर तुम्हाला त्यात काही वाटत नसेल. त्याला रोज वाटते. इंग्रजी मेलमध्ये तर भाषा कमी येत असल्यामुळेच वाक्ये आखूड होतात आणि हुकमासारखी वाचली जातात. त्यावर रावपुऱ्यातला स्पोकन इंग्लिशचा वर्ग हा उपाय नव्हे. मेलच्या आधी फोन करून दोन वाक्ये बोलून घ्या, मग मेल कितीही कोरडा असला तरी चालतो. इंग्रजी सुधारायचे असेल तर जरूर सुधारा, पण ती निराळी गोष्ट आहे. उत्तम इंग्रजी बोलणारे आणि कुणाचेही ऐकून न घेणारे व्यवस्थापक मी भरपूर पाहिले आहेत.

इथल्या मृदू बोलण्याची दुसरी बाजूही आहे. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असे विचारले की समोरचा ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणतो, आणि ते पुष्कळदा तुमचा मान राखण्यासाठी असते. शनिवारी तुम्ही त्याला खोटारडा म्हणता. तुमचा प्रश्नच असा होता की, त्याला ‘नाही’ म्हणायला जागा नव्हती. त्याऐवजी ‘शुक्रवारपर्यंत व्हायला काय काय लागेल, आणि कुठे अडेल असं वाटतं?’ असे विचारले, तर कास्टिंग अजून फाउंड्रीतून आलेले नाही हे त्याच दिवशी कळते. समोरच्याने सांगितलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवणे, ‘म्हणजे कास्टिंग बुधवारी आलं तरच शुक्रवार जमेल, बरोबर?’ असे विचारून घेणे, हे फार साधे वाटते; पण ऐकण्याचे कौशल्य म्हणतात ते प्रत्यक्षात एवढेच असते.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल थोडक्यात: बिघडलेल्या जॉबचा फोटो ग्रुपवर जरूर टाका, कारण इतर पाळ्यांना सावध करायचे असते. पण त्याखाली माणसाचे नाव आणि टोमणा लिहू नका. चारचौघांत केलेला अपमान पूर्वी त्या पाळीपुरता राहत असे. आता तो कामगाराच्या खिशात राहतो.

वरिष्ठांशी बोलण्याचे कौशल्य खालच्यांशी बोलण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि तुमच्यासारख्या कामसू माणसांचे तिथे बहुधा अडते. तुम्ही अडचण स्वतःच निस्तरता, रात्री उशिरापर्यंत थांबता, आणि वरिष्ठांना ते कळतच नाही. कळते ते अडचण हाताबाहेर गेल्यावर. वाईट बातमी वर सांगताना चार गोष्टी याच क्रमाने सांगा: काय झाले, डिस्पॅचवर काय परिणाम होईल, आतापर्यंत काय केले, आणि त्यांच्याकडून केव्हापर्यंत काय हवे. दोष कुणाचा, हे त्यात नको. विचारले तर सांगा. विक्री विभागाने ग्राहकाला अशक्य तारीख दिली असेल, तर बैठकीत ‘हे होणारच नाही’ म्हणून विषय तोडण्याऐवजी ‘साठ व्हॉल्व्ह त्या तारखेला, उरलेले दहा दिवसांनी, सगळे हवे असतील तर दुसरी ऑर्डर मागे ठेवावी लागेल, कोणती ठेवू?’ असे विचारा. निर्णय ज्याचा त्याच्याकडे जातो आणि तुमचा नकारही नोंदला जातो. लोणी लावणे आणि हे यांतला फरक इथे दिसतो. लोणी लावणारा वरिष्ठांना आवडेल तेवढेच सांगतो. तुम्ही त्यांना आवडणार नाही ते अशा रीतीने सांगत असता की, त्यांना ते वापरता यावे.

एवढे सगळे तुमच्यावर टाकल्यावर दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. ‘सॉफ्ट स्किल्स कमी’ हा शेरा पुष्कळदा माणसाची भाषा, जात, गाव किंवा लिंग न आवडल्याचा आडपडदाही असतो. स्पष्ट बोलणारा पुरुष ‘खमका’ ठरतो आणि तेच बोलणारी बाई ‘भांडखोर’. आपल्या बडोद्याच्या इतिहासात याचे फार जळजळीत उदाहरण आहे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी किंवा वागण्याविषयी कुणाला शंका घेण्यासारखे काही नव्हते. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकत, त्यांना तिथे पिण्याचे पाणी मिळेना, शहरात राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाची इच्छा चांगली होती, पण ती कचेरीतल्या टेबलापर्यंत पोहोचली नव्हती. तिथे बाबासाहेबांच्या संवादकौशल्यात काय सुधारणा हवी होती, असे कुणी विचारणार नाही. आजही जिथे कंत्राटी कामगाराचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो, किंवा एखाद्या मुलीने तक्रार केल्यावर तिलाच ‘जुळवून घ्या’ म्हणून सांगितले जाते, तिथे त्या माणसाला प्रशिक्षण देणे हा उपाय नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमायला सांगतो. तिथे समजूतदारपणाची नव्हे, समितीची गरज असते. वागण्याची जबाबदारी हुद्द्याबरोबर वाढत जाते. कारखान्यात मात्र सॉफ्ट स्किल्सचे वर्ग सहसा खालच्यांसाठी भरतात, वरचे उद्घाटनाला येऊन जातात.

शिकण्याविषयी. हॉटेलात होणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेने फारसे काही होत नाही. जेवण चांगले असते. तुमची कंपनी पाठवणार असेल तर जा, पण स्वतःच्या शॉपवरचा एक खरा, अजून न सुटलेला प्रसंग घेऊन जा आणि त्यावरच सराव करून द्या असा आग्रह धरा. त्याहून उपयोगी असा सराव तुमच्याकडे रोज आहे, तो म्हणजे शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हर. बहुतेक ठिकाणी लॉगबुकात ‘ओके’ लिहून लोक निघून जातात. पुढचे तीन महिने ती पाच-दहा मिनिटे फक्त याच कामासाठी वापरा: पुढच्या पाळीच्या माणसाला आणि तुमच्या ऑपरेटरना एकच प्रश्न विचारा, ‘आज काय बिघडता बिघडता राहिलं?’ पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही. तेव्हा स्वतःच्या कामातले एखादे उदाहरण तुम्हीच आधी सांगा, आणि कुणी पहिल्यांदा काही सांगितले की त्याच आठवड्यात त्यावर काहीतरी दिसण्यासारखे करा, मग ते गेज (माप तपासण्याचे साधन) बदलणे का असेना. सांगून उपयोग होतो हे दिसल्याशिवाय दुसरा माणूस बोलत नाही.

तुमच्या ऑपरेटरपैकी एकाशी तरी तुमचे खरे बोलणे असेल. त्याला विचारा की, मी कोणत्या वेळी सगळ्यात जास्त असह्य होतो. उत्तर ऐकताना खुलासा करू नका. नुसते ऐका आणि घरी जाऊन लिहून ठेवा. गेल्या काही महिन्यांत ज्याला तुम्ही सर्वांदेखत बोललात, त्याची क्षमाही सर्वांदेखतच मागा, एका वाक्यात, कारणे न देता. केबिनमध्ये बोलावून मागितलेली क्षमा अपमानाच्या जागी पोहोचत नाही.

शेवटी एक सावधगिरी. हे सगळे नीट जमू लागले, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या पाळीतले रिजेक्शन आणि लहानसहान चुकांच्या नोंदी कागदावर वाढलेल्या दिसतील, कारण आजवर ढिगात सरकवले जाणारे जॉब आता बाद मालाच्या लाल पेटीत येऊ लागतील. महिन्याच्या बैठकीत हा आकडा पाहून वरिष्ठांना वाटेल की तुमची शिफ्ट घसरली. म्हणून सुरुवात करण्याआधीच त्यांना भेटून सांगून ठेवा की नोंदी वाढतील, आणि शॉपमधल्या रिजेक्शनबरोबर हायड्रो टेस्टला आणि ग्राहकाकडे निघणारे दोषही पाहावेत अशी विनंती करा. पहिला आकडा वाढून दुसरे दोन उतरू लागले, तर पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी तेच कागद सोबत घेऊन जा.